शेकर आणि ताट : स्नायू कमावण्याच्या वादाचा आढावा

व्यायाम करणाऱ्याने प्रथिनं डब्यातून घ्यावीत की ताटातून, हा प्रश्न आज पुण्या-मुंबईच्या चकचकीत जिमपासून तालुक्याच्या गावातल्या पत्र्याच्या शेडमधल्या व्यायामशाळेपर्यंत सगळीकडे विचारला जातो. उत्तर काय मिळेल, ते कुणाला विचारलं त्यावर ठरतं. ट्रेनर म्हणतो, रोज दोन स्कूप घेतल्याशिवाय अंग भरणार नाही. आई म्हणते, त्या पावडरीने किडन्या जातात, त्यापेक्षा दूध-तूप खा. डॉक्टर बहुधा आईच्या बाजूने असतात आणि मोबाइलवरचे शरीरसौष्ठवपटू ट्रेनरच्या. दोन्हीकडे थोडं थोडं खरं आहे. गेल्या तीसेक वर्षांत या विषयावर बरंच काटेकोर संशोधन झालं. त्यातून काही भांडणं मिटली, काही नव्याने उभी राहिली. कोणतं कुठे येऊन थांबलं आहे, ते क्रमाने पाहू.

पावडरीच्या आधीचा वाद

'प्रोटीन' हा शब्द १८३८ मध्ये मुल्डर या डच रसायनशास्त्रज्ञाच्या लिखाणातून पुढे आला. त्यानंतर काही वर्षांतच जर्मनीतल्या युस्टुस लीबिग यांनी असा सिद्धान्त मांडला की, स्नायू काम करतात तेव्हा प्रथिनंच जळतात. म्हणजे जो अधिक कष्ट करतो त्याने अधिक मांस खावं. हा सिद्धान्त तपासायला १८६५ मध्ये फिक आणि विस्लिसेनुस हे दोघे शास्त्रज्ञ स्वित्झर्लंडमधला फाउलहॉर्न हा डोंगर चढले. खाण्यात प्रथिनं जवळजवळ नव्हतीच, होत्या त्या पिठुळ वड्या. लघवीतला नायट्रोजन मोजून त्यांनी दाखवलं की, चढण्यासाठी जितकी ऊर्जा खर्च झाली तितकी पुरवण्याएवढी प्रथिनं शरीरात जळलेलीच नव्हती. कष्टाचं इंधन पिष्टमय आणि स्निग्ध पदार्थांतून येतं, हे तेव्हापासून सिद्ध आहे. तरीही लीबिगचा विचार जिममध्ये अजून जिवंत आहे. घाम जास्त गाळला म्हणून त्या दिवशी एक स्कूप जास्त घेणारे कितीतरी भेटतात.

पुढचा खटका 'किती' यावरून उडाला. एकोणिसाव्या शतकात कार्ल फॉइट यांनी कष्टकरी माणसाला दिवसाला ११८ ग्रॅम प्रथिनं लागतात असं ठरवलं होतं. येल विद्यापीठाच्या रसेल चिटेंडन यांनी १९०४ मध्ये सैनिक आणि खेळाडूंवर प्रयोग करून सांगितलं की, याच्या निम्म्यातही माणूस धडधाकट राहतो. त्याच सुमाराला बलोपासनेचा जगप्रसिद्ध नट यूजेन सँडो 'प्लाझमॉन' नावाच्या दुधातल्या प्रथिनांच्या पावडरीची जाहिरात करत होता. डब्यातल्या प्रथिनाला पिळदार देहाचं चित्र चिकटलं ते तिथपासून.

आपल्याकडे स्वतंत्र परंपरा होती. कोल्हापूरच्या तालमींतल्या पैलवानाचा खुराक म्हणजे दूध, तूप, मटण आणि थंडाई. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी दगडी कुंडीत घोटून दुधात मिसळलेली थंडाई हा एका अर्थी शेकच. जोर-बैठका काढून, मातीत लढती करून दमलेल्या माणसाला लगेच चावून खाववत नाही. प्यायला मात्र जातं. वस्तादांनी ही अडचण अनुभवाने सोडवली होती. फरक एवढाच की थंडाईत प्रथिनांपेक्षा स्निग्धांश आणि उष्मांक जास्त असत, आणि दिवसभर आखाड्यात घाम गाळणाऱ्याला ते चालूनही जात.

विसाव्या शतकात भारतीय आहारावर जे संशोधन झालं त्यातली दोन नावं इथे घ्यावीच लागतात. कुन्नूरच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी उंदरांचे गट करून त्यांना भारतातल्या निरनिराळ्या समाजांचे आहार खाऊ घातले. वाढीत शिखांच्या आहाराचा, म्हणजे गव्हाची पोळी, दूध, लोणी, डाळी, भाज्या यांचा पहिला नंबर लागला. मराठ्यांचा आहार शीख आणि पठाणांच्या खालोखाल होता. तीच प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली आणि राष्ट्रीय पोषण संस्था झाली. दुसरं नाव पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचं. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख राहिलेले आणि निवृत्तीनंतर पुण्यात काम करणारे संख्याशास्त्रज्ञ. जगभर 'प्रथिनांची दरी' हा परवलीचा शब्द झाला होता, त्या काळात सुखात्म्यांनी आकडेवारीने दाखवलं की भारतीय आहारातली प्रथिनांची उणीव ही मुख्यतः पोटभर न खाण्याची उणीव आहे. कॅलरी कमी पडल्या की खाल्लेलं प्रथिन शरीर चुलीत घालतं. १९७४ मध्ये डोनाल्ड मॅकलॅरन यांनी 'लॅन्सेट'मध्ये त्या प्रथिनवेडाला 'फजिती' म्हणून टाकलं.

सुखात्म्यांचा प्रश्न कुपोषणाचा होता, स्नायू फुगवण्याचा नव्हता. पण जो हॉस्टेलवरचा सडपातळ मुलगा मेसचं जेवण अर्धवट सोडून रात्री शेकर हलवतो, त्याला त्यांचं उत्तर तंतोतंत लागू पडतं. माझ्या मते या सगळ्या वादाची किल्ली इथेच आहे: शेक काय काम करील हे उरलेलं ताट ठरवतं.

किती लागतं

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये निरोगी प्रौढासाठी दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली. ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम. ही शिफारस आहे ती शरीराची झीज भरून निघण्यासाठी. वजनं उचलून स्नायू वाढवणाऱ्याची गरज यापेक्षा जास्त असते, यावर आता फारसं दुमत नाही. आंतरराष्ट्रीय क्रीडापोषण संस्थेने २०१७ मध्ये किलोमागे १.४ ते २ ग्रॅम ही मर्यादा दिली.

सगळ्यात जास्त उद्धृत होणारा अभ्यास २०१८ चा आहे. रॉबर्ट मॉर्टन आणि सहकाऱ्यांनी ४९ चाचण्या आणि १,८६३ व्यक्तींची आकडेवारी एकत्र केली. निष्कर्ष असा की, पूरक प्रथिनांनी स्नायू आणि ताकद वाढते, पण किलोमागे साधारण १.६ ग्रॅमच्या पुढे आणखी प्रथिनं घेऊन फायदा दिसत नाही. जिमच्या भिंतीवर हा १.६ चा आकडा दगडावरच्या रेघेसारखा लिहिलेला असतो; मूळ अभ्यासात मात्र त्याच्या दोन्ही बाजूंना १.०३ ते २.२ इतकी ऐसपैस अनिश्चितता होती. दुसरी गोष्ट क्वचितच सांगितली जाते. पूरक प्रथिनांनी झालेली जास्तीची वाढ सरासरी ३०० ग्रॅमच्या आसपास होती. बाकी सगळी वाढ व्यायामाने झाली होती.

म्हणजे ७० किलोच्या माणसाचं लक्ष्य ११० ग्रॅमच्या आगेमागे येतं. यातले किती डब्यातून आणि किती ताटातून, याचं उत्तर या अभ्यासांत नाही, कारण एकूण बेरीज जुळली की स्रोताने फारसा फरक पडल्याचं त्यांत दिसत नाही.

कधी घ्यायचं

या भागात मतं सगळ्यात जास्त बदलली. १९९७ मध्ये फ्रान्समधल्या बोआरी यांच्या गटाने दुधातल्या दोन प्रथिनांची तुलना केली. व्हे म्हणजे दूध नासल्यावर उरणाऱ्या निवळीतलं प्रथिन. ते झपाट्याने पचतं आणि रक्तातली अमिनो आम्लं एकदम चढतात. केसीन, म्हणजे चोथ्यातलं प्रथिन, पोटात गोठतं आणि तासन्तास हळूहळू झिरपत राहतं. व्हेने नवनिर्मिती जास्त वाढवली, केसीनने झीज जास्त थांबवली; सात तासांच्या हिशेबात केसीन पुढे राहिलं. जाहिरातींनी यातला पहिला अर्धा उचलला.

पाठोपाठ 'खिडकी'ची कल्पना आली. व्यायाम संपल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात प्रथिनं घेतली नाहीत तर मेहनत वाया जाते, असं सांगितलं जाऊ लागलं. बेंच प्रेसवरून उठून थेट शेकरकडे धावण्याची सवय तिथली. २०१३ मध्ये ब्रॅड शोनफेल्ड, ॲलन अ‍ॅरॅगॉन आणि जेम्स क्रीगर यांनी उपलब्ध चाचण्या एकत्र तपासल्या. वरवर पाहता वेळेचा फायदा दिसत होता, पण ज्या गटांनी व्यायामानंतर लगेच शेक घेतला त्यांची दिवसभराची प्रथिनंही जास्त होती. तो फरक वजा केल्यावर वेळेचा परिणाम नाहीसा झाला. व्यायामानंतर स्नायू दिवसभर, किंबहुना त्याहून जास्त वेळ प्रथिनांना प्रतिसाद देत राहतात. दुपारी नीट जेवून संध्याकाळी व्यायाम केलेल्याने घरी जाऊन रात्रीचं जेवण घेतलं तरी चालतं. सकाळी उपाशीपोटी व्यायाम करणाऱ्याला लवकर खाण्याचा थोडा फायदा असू शकतो, एवढाच अपवाद बहुतेकांना मान्य आहे.

दिवसभरात प्रथिनं समान वाटून घ्यावीत का, यावर अजून मतभेद आहेत. २०१४ च्या एका अमेरिकी अभ्यासात तिन्ही जेवणांत सारखी प्रथिनं घेणाऱ्यांच्या स्नायूंत २४ तासांतली प्रथिननिर्मिती रात्रीच्या जेवणात ढीगभर घेणाऱ्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त आढळली. पुढच्याच वर्षी ज्येष्ठांवरच्या अभ्यासात वाटणीने फरक पडला नाही, एकूण प्रमाणाने पडला. 'एका वेळी २५-३० ग्रॅमच्या वर शरीर घेत नाही' हे वाक्य तर जवळपास प्रत्येक जिममध्ये ऐकू येतं. २०२३ मध्ये नेदरलँड्समध्ये ट्रॉमेलेन आणि सहकाऱ्यांनी व्यायामानंतर एकाच वेळी १०० ग्रॅम दुधाचं प्रथिन देऊन पाहिलं. २५ ग्रॅमच्या तुलनेत प्रतिसाद मोठा होता आणि बारा तासांनंतरही चालू होता. एका अभ्यासाने नियम मोडीत निघत नाही, पण एकाच जेवणात भरपूर मटण खाणाऱ्या कोल्हापूरकराचं जास्तीचं प्रथिन वाया जातं, असं ठामपणे सांगणं आता कठीण झालं आहे.

चावून की पिऊन

द्रव पदार्थ घन पदार्थापेक्षा लवकर पचतो, हे उघड आहे. पण वेग हा केवळ पातळपणाचा गुण नाही. नेदरलँड्समध्येच २०१३ मध्ये ज्येष्ठ पुरुषांना एकदा स्टेक आणि एकदा तेच मांस खिमा करून दिलं, तेव्हा खिम्यातली अमिनो आम्लं लवकर रक्तात आली आणि प्रथिनं जास्त टिकून राहिली. दात गेलेल्या आजोबांना खिमा द्यावा हे घरातल्या बायकांना आधीच माहीत होतं.

शिजवण्याचंही तसंच. पैलवानी आणि जिम या दोन्ही परंपरांत कच्ची अंडी दुधात फोडून पिण्याचा शौक आहे. बेल्जियममधल्या १९९८ च्या मोजणीत शिजवलेल्या अंड्याचं प्रथिन सुमारे ९१ टक्के पचलं, कच्च्याचं ५१ टक्के. वर साल्मोनेलाचा धोका आहेच. हा मुद्दा तरी वादातून कायमचा काढून टाकायला हरकत नाही.

खरा रंगतदार वाद आहे तो 'अख्ख्या अन्ना'चा. २०१७ मध्ये स्टीफन व्हॅन व्लीट आणि निकोलस बर्ड यांच्या गटाने त्याच तरुणांना व्यायामानंतर एकदा अख्खी अंडी दिली, एकदा फक्त पांढरं. दोन्हीत प्रथिनं १८ ग्रॅमच. पिवळ्यासकट खाल्ली तेव्हा स्नायूंमधली प्रथिननिर्मिती जास्त निघाली. पिवळ्यातले स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वं, खनिजं प्रथिनाला हात देत असावीत, म्हणून सुटं काढलेलं प्रथिन अन्नाची बरोबरी करू शकत नाही, असं अनुमान त्यातून काढलं गेलं. ताटवाल्यांना यातून बळ मिळालं. पण पुढे साल्मन मासा आणि त्यातलीच पोषकद्रव्यं सुटी करून दिली, तर दोन्हींचा परिणाम सारखा निघाला. डुकराच्या मांसावरच्या प्रयोगात तर जास्त चरबीच्या मांसापेक्षा कमी चरबीचं सरस ठरलं. अन्नाच्या 'एकत्रितपणा'त काही जादू आहे की नाही, हे ठरायचं आहे.

जे जवळजवळ ठरलं आहे ते तृप्तीचं. पिऊन घेतलेल्या कॅलरींनी चावून खाल्लेल्या तितक्याच कॅलरींइतकं पोट भरल्यासारखं वाटत नाही. ही गोष्ट दोन माणसांना दोन विरुद्ध सल्ले देते. वजन कमी करत स्नायू टिकवू पाहणाऱ्याने शक्यतो चावून खावं, कारण त्याला भूक मारायची आहे. ज्याचं वजनच वाढत नाही, जेवण दोन पोळ्यांवर थांबतं, त्याला दूध, केळं, शेंगदाणे आणि हवं तर पावडर घालून घोटलेला पेला पुष्कळ मदत करतो. जिममध्ये मात्र बहुतेकदा दोघांना एकच सल्ला मिळतो.

आपल्या ताटाचा हिशेब

परदेशी अभ्यासांतला सहभागी माणूस सहसा मांस, अंडी, चीज भरपूर खाणारा असतो. त्याला १.६ गाठायला एखादा स्कूप पुरतो किंवा लागतही नाही. मराठी शाकाहारी घरातला दिवस वेगळा. सकाळी पोहे, म्हणजे पाच-सहा ग्रॅम. उपवासाला साबुदाण्याची खिचडी, तीत जे काही प्रथिन आहे ते दाण्याच्या कुटाचं. दुपारी दोन-तीन पोळ्या, भाजी, वाटीभर वरण आणि भात. वरणाची वाटी किती घट्ट आहे यावर पाच ग्रॅम की आठ ते ठरतं, आणि मेसचं वरण कसं असतं ते सांगायला नको. रात्री पुन्हा तेच. दूध-दही धरून बेरीज पन्नास-साठच्या घरात जाते. रोजच्या जगण्याला ती ठीक, ११० पासून मात्र निम्म्या वाटेवर.

दर्जाचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. अमिनो आम्लांपैकी धान्यात लायसिन कमी, डाळी-कडधान्यांत मिथिओनिन कमी. वरण-भात किंवा मटकीची उसळ आणि भाकरी एकत्र आली की दोघं एकमेकांची उणीव भरून काढतात. २०२१ मध्ये ब्राझीलमध्ये शुद्ध वनस्पतिजन्य आहार घेणारे आणि मिश्राहारी असे दोन गट बारा आठवडे व्यायामाला लावले. दोघांचीही प्रथिनं १.६ ग्रॅमपर्यंत नेली. स्नायूंच्या वाढीत फरक आढळला नाही. फक्त एक बारकावा ध्यानात ठेवावा: तो आकडा गाठायला दोन्ही गटांना पावडरीची जोड दिली होती, एकाला सोयाची आणि दुसऱ्याला व्हेची.

अडचण प्रमाणाची आहे, आणि प्रथिनाबरोबर येणाऱ्या कॅलरींची. २५ ग्रॅम प्रथिनांसाठी चार अंडी लागतात, कॅलरी तीनशेच्या आत. शंभरेक ग्रॅम शेंगदाणे खाल्ले तर साडेपाचशेच्या वर. तूर किंवा मूग डाळ कच्ची मोजून ११०-११५ ग्रॅम, म्हणजे पावणेचारशे-चारशे. पनीर १४० ग्रॅमच्या आसपास, कॅलरी साधारण तितक्याच. म्हशीचं दूध पाऊण लिटरभर आणि कॅलरी सातशेच्या पुढे. बिनहाडाची कोंबडी सव्वाशे ग्रॅम घेतली तर दीडशेच्या आत. कोरड्या सोयावड्या पन्नास ग्रॅम, कॅलरी पावणेदोनशे. व्हेचा एक स्कूप, सव्वाशे.

या ओळींत वादाचं अर्धं उत्तर आहे. मांस-अंडी खाणाऱ्याला पावडर ही सोय आहे. सोयावड्या आवडीने खाणाऱ्या शाकाहाऱ्यालाही तिची फार गरज नाही. पण दूध-डाळ-शेंगदाण्यांवरच ११० गाठायचं ठरवलं, तर पोटाचा घेर छातीच्या आधी वाढण्याची शक्यता आहे. अंडंही न चालणाऱ्या घरात एक स्कूप ही चैन म्हणता येत नाही, असं मला वाटतं.

पैशाचा हिशेब वेगळा जातो. प्रथिनाच्या दर ग्रॅममागे सोयावड्या सगळ्यात स्वस्त, मग शेंगदाणे आणि डाळी, मग अंडी. कोंबडी आणि दूध त्यानंतर, आणि व्हे बहुधा सगळ्यात महाग. भाव गावागणिक बदलतात, क्रम सहसा बदलत नाही. आणि 'गेनर' म्हणून विकले जाणारे मोठे डबे? त्यांत बहुतांश माल्टोडेक्स्ट्रिन असतं, म्हणजे एक प्रकारचं पिष्ट. तेच काम केळं, गूळ आणि दूध करतात. व्हेच्या बाजूने बोलता येतं, गेनरच्या बाजूने बोलणं मला जमलेलं नाही.

डब्यात नेमकं काय

२०२४ मध्ये 'मेडिसिन' या नियतकालिकात केरळमधले यकृततज्ज्ञ सिरिअ‍ॅक ॲबी फिलिप्स आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिन-पावडरी त्यांनी तपासल्या. सुमारे ७० टक्के डब्यांवरची प्रथिनांची माहिती चुकीची निघाली, काहींत तर छापलेल्याच्या निम्मंच प्रथिन होतं. सुमारे १४ टक्के नमुन्यांत बुरशीची विषद्रव्यं सापडली, ८ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश. व्हेमध्ये वनस्पतींचे अर्क मिसळलेल्या मिश्रणांबद्दल हे तज्ज्ञ विशेष सावध करतात.

प्रथिन कमी असूनही तपासणीत जास्त कसं दिसतं, याची युक्ती जुनी आहे. प्रथिन सहसा थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजून ठरावीक आकड्याने गुणतात. त्यामुळे ग्लायसिन किंवा टॉरिनसारखी स्वस्त द्रव्यं मिसळली की कागदावर प्रथिन वाढतं, स्नायूला मात्र त्यातून काही मिळत नाही. स्पर्धा खेळणाऱ्याला आणखी एक धोका असतो. कोलोनच्या प्रयोगशाळेने तेरा देशांतली ६३४ बिनहार्मोनची म्हणून विकली जाणारी पूरकं तपासली होती, त्यातल्या ९४ मध्ये लेबलावर न छापलेली संप्रेरकसदृश द्रव्यं निघाली. उत्तेजक चाचणीत पकडला गेलेला खेळाडू 'डब्यात होतं, मला माहीत नव्हतं' म्हणून सुटत नाही. राज्यपातळीवर लढणाऱ्या मल्लाला ताटच जास्त सुरक्षित, हे इथे निःसंशय म्हणता येतं.

याची दुसरी बाजूही मांडायला हवी. भेसळ हा व्हेचा दोष नाही, बाजाराचा आहे. दूध आणि पनीरही आपल्याकडे त्यातून सुटलेलं नाही. चांगल्या कारखान्यातलं व्हे हे दुधातूनच आलेलं अन्न आहे, ते औषधही नाही आणि स्टेरॉइडही नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनांचे परिणाम बरेचदा पावडरीच्या खात्यावर मांडले जातात, आणि इंजेक्शनने झालेली वाढही तिच्याच खात्यावर.

सरकारी सल्ला आणि क्रीडातज्ज्ञ

मे २०२४ मध्ये राष्ट्रीय पोषण संस्थेच्या नव्या आहारविषयक मार्गदर्शक सूचना आल्या. शरीर कमावण्यासाठी प्रथिन-पावडरी टाळा, असा सल्ला त्यांत होता. कारणं दिली होती ती वरून घातलेली साखर, कृत्रिम गोडवा आणि स्वाद, आणि दीर्घकाळ अतिरिक्त प्रथिनं घेतल्यास हाडांना आणि मूत्रपिंडांना पोहोचू शकणारी इजा. सूचनांनी हेही मान्य केलं होतं की, १.६ ग्रॅमच्या पुढे व्यायामाचा लाभ वाढत नाही. म्हणजे आकड्यावर संस्थेचं आणि क्रीडातज्ज्ञांचं भांडण नाही, मार्गावर आहे. संस्थेला तो आकडा अन्नातून गाठलेला हवा आहे.

मूत्रपिंडाच्या बाबतीत पुरावा असा: ज्यांची मूत्रपिंडं आधीच दुखावलेली आहेत त्यांना जास्त प्रथिनं त्रासदायक ठरतात, यात शंका नाही. निरोगी लोकांवरच्या चाचण्या एकत्र करून २०१८ मध्ये जो आढावा घेतला गेला, त्यात जास्त प्रथिनांनी मूत्रपिंडांचं काम बिघडल्याचं दिसलं नाही. पण या चाचण्या बहुतेक काही आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या आहेत. शिवाय मधुमेह आणि रक्तदाब घराघरांत असलेल्या देशात 'निरोगी' कोण, हे तपासल्याशिवाय कळत नाही. संस्थेचा सावधपणा मला त्यामुळे अनाठायी वाटत नाही, फक्त तो सरसकट आहे.

वयाचाही इथे विचार व्हायला हवा. साठीनंतर स्नायू प्रथिनांना मंद प्रतिसाद देतात. तरुणाला एका वेळी किलोमागे पाव ग्रॅमच्या आसपास पुरतं, तर ज्येष्ठाला ०.४ ग्रॅम लागतं, असं २०१५ च्या एका विश्लेषणात दिसलं. याच वयात भूक कमी होते आणि दात साथ देत नाहीत. डब्याची सगळ्यात जास्त गरज ज्यांना असू शकते ते जिमच्या आरशासमोर सहसा दिसत नाहीत.

अजून सुटायचं आहे ते

वर उल्लेखलेल्या अनेक प्रयोगांत मोजलं गेलं ते व्यायामानंतरच्या काही तासांतलं स्नायूंमधलं प्रथिनांचं बांधकाम. त्यावरून पुढच्या काही महिन्यांतली प्रत्यक्ष वाढ सांगता येते का? २०१४ च्या एका अभ्यासात दोन्हींचा मेळ बसला नाही. म्हणून अंड्याचं पिवळं की पांढरं यासारख्या प्रश्नांवर आज ठाम बोलणारा माणूस पुराव्याच्या पुढे धावतो आहे. सहभागी बहुतेक तरुण पुरुष, बहुतेक पाश्चात्त्य. स्त्रियांवरचं काम थोडं, आणि भाकरी-उसळ-वरणावर वाढलेल्या माणसांना वर्षभर व्यायामाला लावून पाहिलेलं काम त्याहून थोडं. या संशोधनाला दूध, अंडी आणि मांस उद्योगांच्या संस्थांचा पैसा बरेचदा लागलेला असतो; त्याने निष्कर्ष खोटे ठरत नाहीत, पण कोणते प्रश्न विचारले जातात ते ठरतं. सोयावड्यांवर किंवा हुलग्यावर प्रयोग करायला कुणी थैली सोडत नाही.

आज जे हाती आहे त्यावरून क्रम असा लागतो: आधी नियमित आणि चढत्या भाराचा व्यायाम, मग पुरेशा कॅलरी, मग दिवसाची एकूण प्रथिनं, मग त्यांची जेवणांतली वाटणी, आणि शेवटी ती प्यायची की चावायची. आपल्याकडे चर्चा शेवटच्या पायरीपासून सुरू होते. डबा घेण्याआधी तीन दिवस जे जे तोंडात गेलं ते लिहून काढा आणि बेरीज करा. वजनाच्या किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम ताटातूनच येत असतील तर डब्याचे पैसे अंडी, दूध किंवा चांगल्या तुरीवर खर्च करा. वीस-पंचवीस ग्रॅमची तूट अन्नाने भरून निघत नसेल तर दिवसाला एक स्कूप पुरे. तो घेताना अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल पाहा, आणि वनस्पतींचे अर्क मिसळलेलं मिश्रण घेऊ नका. घरात कुणाला मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर आधी स्वतःची क्रिएटिनिनची तपासणी करून घ्या.